न पाहिलेल्या सिनेमांचा अभिमान

मंडळी, आज जरा लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा. सुरुवात स्वतःच्या फजितीपासून करतो, म्हणजे पुढे कोणाला बोललो तर "आधी स्वतःकडे बघ" म्हणायची सोय उरणार नाही.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, एका कॉलेजात भाषणाला गेलो होतो. विषय होता 'अभिजात मराठी, अभिजात सिनेमा'. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, तेव्हापासून आपल्याकडे हा शब्द दिसेल तिथे चिकटवायची पद्धत पडली आहे. अभिजात मिसळीचा बोर्डही मी पाहिलाय. तर मी पाऊण तास बोललो. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम', व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा झालेला गौरव. अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी मिळालेलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. मग भालजी, मग जब्बार पटेल. सनावळी तोंडपाठ. टाळ्याही बऱ्या पडल्या.

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, तुम्ही एवढी नावं घेतली, त्यातले तुम्ही स्वतः किती पाहिलेत?"

तिच्या आवाजात खोडी नव्हती. तिला खरंच कुठून सुरुवात करावी ते विचारायचं होतं. मी म्हणालो, "बरेचसे." आणि टेबलावरचं पाणी प्यायलो.

घरी आल्यावर भाषणाचा कागद काढला आणि खुणा केल्या. चौदा नावं. पूर्ण पाहिलेले पाच. तीन तुकड्यांत पाहिलेले, म्हणजे गाणी आणि मोबाइलवर फिरणारे दोन-चार प्रसंग. उरलेले सहा जन्मात पाहिले नव्हते. त्या सहांत 'सामना' होता. 'सिंहासन'ही होता.

वीस वर्षं पत्रकारिता करतोय. गावात 'सिनेमावाला पत्रकार' म्हणून ओळखतात. डिसेंबर २०१९ मध्ये डॉ. श्रीराम लागू गेले, तेव्हा 'सामना'तल्या मास्तरवर मी अर्धं पान लिहिलं होतं. लोकांनी फोन करून कौतुक केलं. त्यातल्या कोणीच विचारलं नाही की बाबा, तू सिनेमा पाहिलास का? का विचारलं नाही ते आता कळतं. त्यांनीही पाहिला नव्हता.

हा आजार माझ्या एकट्याचा नाही, म्हणून ही पोस्ट. आपण 'जुनं ते सोनं' म्हणतो आणि खरोखरच्या सोन्यासारखं ते लॉकरमध्ये ठेवतो. अंगावर कधी घालत नाही, पण आहे एवढं लोकांना कळलं पाहिजे. एखाद्याने मराठी सिनेमाला नावं ठेवली की आपण लगेच 'संत तुकाराम' काढतो, 'श्यामची आई' काढतो, 'पिंजरा' काढतो. भांडण झालं की परत ठेवून देतो.

गेल्या वर्षीचंच घ्या. हिंदी 'फुले' सिनेमावरून केवढा धुरळा उडाला. आक्षेप आले, प्रदर्शन दोन आठवडे पुढे गेलं, २५ एप्रिल २०२५ ला तो लागला. आमच्या तालुक्यातही दोन बाजूंची दोन निवेदनं तहसीलदारांकडे गेली आणि दोन्हींच्या बातम्या मीच केल्या. आता गंमत बघा. आचार्य अत्र्यांनी सत्तर वर्षांपूर्वीच 'महात्मा फुले' केला होता. १९५४ चा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक त्याला मिळालं होतं. निवेदन देणाऱ्या दोन्ही बाजूंना मी विचारलं, तो पाहिलाय का? एका बाजूला असा सिनेमा आहे हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या बाजूला माहीत होतं, पाहिला मात्र नव्हता. आणि विचारणारा मीही त्याच पंक्तीत. फुल्यांवर मराठीत आधी काय दाखवून झालंय हे बघायची तिघांपैकी कोणालाही गरज वाटली नाही, पण मतं तिघांचीही ठाम होती.

तर त्या भाषणानंतर मी ठरवलं, आता एकेक बघायचा. सुरुवात 'सामना'पासून केली. आणि इथेच माझी खरी पंचाईत झाली.

या सिनेमातला मारुती कांबळेविषयीचा तो प्रश्न तुम्हाला माहीतच आहे. सिनेमा न पाहिलेल्यालाही माहीत आहे. आम्हा पत्रकारांचं तर ते आवडतं हत्यार. रस्ता खचला, पाणीयोजना रखडली, चौकशी समितीचा अहवाल गायब झाला की त्याच चालीवर मथळा. मी स्वतः निदान दहा वेळा दिला असेल. देताना छाती फुगायची. वाटायचं, आपण म्हणजे सत्तेला जाब विचारणारा तो मास्तर.

आणि प्रत्यक्ष पडद्यावर मास्तर कोण आहे? रस्त्यावर पडलेला एक दारुडा. कधीकाळी स्वातंत्र्यलढ्यात होता, आता सगळ्यातून उठलेला. त्याला उचलून घरी आणतो तो गावचा सर्वेसर्वा, साखर कारखानदार हिंदुराव धोंडे-पाटील. मास्तर त्याच्याच वाड्यात राहतो, त्याच्याच ताटात जेवतो, त्याचीच दारू पितो. आणि त्याच घरात बसून त्याला नको असलेला प्रश्न विचारत सुटतो. तेंडुलकरांनी तो प्रश्न एखाद्या धुतल्या तांदळाच्या वीराच्या तोंडी घातलाच नाही. मिंधा असलेल्या माणसाच्या तोंडी घातलाय. अन्न ज्याचं, त्यालाच विचारतोय. म्हणून तो जड आहे.

तेवढ्यावर भागत नाही. निळू फुल्यांचा हिंदुराव नुसता खलनायक असता तर सोपं होतं. आपल्या मनातले निळू फुले म्हणजे नक्कल करायचा तो आवाज. इथे त्यांनी उभा केलेला माणूस कर्तबगार आहे. त्याने कारखाना उभा केलाय, गावाचं रूप पालटलंय, लोकांना कामं दिलीत, आणि त्याला स्वतःला मनापासून वाटतं की एवढं केल्यावर एखाद्या मारुती कांबळेचा हिशोब कोणी मागू नये. असा माणूस मी पाहिलाय. तुम्हीही पाहिलाय. आपल्या तालुक्यात तर त्याच्या हातून सत्कारही घेतलेत. शेवट सांगत नाही, स्वतः बघा.

रात्री साडेबाराला सिनेमा संपला आणि मला झोप लागेना. मागच्याच दिवाळीत एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी मी जाहिराती गोळा केल्या होत्या. आम्हा तालुका प्रतिनिधींचं घर त्या कमिशनवर चालतं, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, उगाच लपवायचं कशाला. त्यांच्या फार्महाउसवर मटणही खाल्लं होतं. आणि त्यांच्याशी संबंधित एक बातमी मी 'पुढच्या आठवड्यात करू' म्हणून चार महिने खिशात ठेवली होती. सिनेमा न बघता मथळा देणं किती सोपं होतं! सिनेमा बघितल्यावर तोच प्रश्न उलटा फिरून माझ्याकडे आला. मास्तर निदान विचारतो तरी. मी काय करतो?

माझं म्हणणं एवढंच आहे. न पाहिलेला सिनेमा घोषणेच्या कामाचा असतो. पाहिलेला सिनेमा आपल्यालाच प्रश्न विचारतो. म्हणून पुढाऱ्यांना, संस्थांना आणि आपल्यालाही अभिजात सिनेमाचा फ्लेक्स परवडतो, त्याचा खेळ परवडत नाही.

'संत तुकाराम'चंही तेच. मी तो इतकी वर्षं का टाळला? कारण माझ्या डोक्यात ती आषाढीला लावायची भजनांची फिल्म होती. नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. बघितला तेव्हा कळलं की विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम जितका मोठा, तितकीच मोठी त्यात त्याची बायको आहे. गौरी नावाच्या नटीने केलेली जिजाई. घरात दाणा नाही, पोरं उपाशी, म्हैस सांभाळायची, आणि नवरा विठ्ठलाच्या नादी लागलेला. ती चिडते ती खुद्द देवावर. पायातली वहाण हातात घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. शेवटी वैकुंठाला चल म्हटलं तर घरचं काम टाकून जायला ती तयार नाही. दामले-फत्तेलाल यांनी हे १९३६ मध्ये दाखवलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. आज कोणी नव्याने हा प्रसंग चित्रित केला तर काय होईल? संध्याकाळपर्यंत निवेदन, दुसऱ्या दिवशी मोर्चा. आणि त्या मोर्चातले निम्मे लोक भाषणात 'आमचा संत तुकाराम व्हेनिसला गाजला' असंही म्हणतील. त्यांना भक्ती माहीत आहे, भक्तीच्या घरात होणारं भांडण माहीत नाही. ते सिनेमात आहे. न बघता कसं कळणार?

'सिंहासन'वर फार लिहीत नाही, कारण तो पत्रकारांना जास्तच लागतो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा, १९७९ चा. त्यातल्या दिगू टिपणीसला सगळं माहीत असतं. कोण कोणाला भेटलं, कोण फुटणार, कोण कोणाच्या जिवावर उठलंय. माहीत असणं आणि त्याचं काही होणं यात केवढं अंतर असतं, ते शेवटी त्याचं ते वेडं हसू बघताना कळतं. गेल्या काही वर्षांतलं महाराष्ट्राचं राजकारण कव्हर केलेल्या कोणत्याही पत्रकाराला विचारा, ते हसू ओळखीचं वाटेल. आपल्याकडे पक्षफुटी झाली की 'सिंहासन'चं नाव निघतंच. आता पाहिल्यावर वाटतं, ज्याने खरंच पाहिला असेल तो ते नाव इतक्या मजेत घेणार नाही.

आता सबबींकडे येतो. कारण खाली त्याच येणार आहेत.

"वेळ मिळत नाही." आयपीएलची एक मॅच साडेतीन तास चालते आणि सीझन दोन महिने. रात्री झोपताना 'पाच मिनिटं' म्हणून उघडलेला मोबाइल दीड तासाने खाली ठेवतो आपण. वेळ आहे. माझ्याकडे होता, तुमच्याकडेही आहे.

"जुना सिनेमा संथ असतो." काही असतात. पहिली वीस मिनिटं मलाही जड गेली. आपली सवय दर तीस सेकंदाला बोट सरकवायची, त्याला सिनेमा काय करणार? आणि नाही आवडला तर नाही आवडला म्हणा ना! 'श्यामची आई' बघून एखाद्याला वाटलं की यात फार रडवलंय, तर ते मत मी मान देऊन ऐकेन, कारण त्याने बघितलाय. न बघता वंदन करणाऱ्यापेक्षा बघून नावं ठेवणारा माणूस त्या सिनेमाचा जास्त मान राखतो.

"मी जागतिक सिनेमा बघतो." बघा की. कुरोसावा बघा, इराणचे बघा. मी 'पथेर पांचाली' चार वेळा सुरू केलाय आणि चारही वेळा अर्ध्यावर सोडलाय, हेही आज कबूल करून टाकतो. पण ज्यांना जपानचे सात सामुराई नावानिशी माहीत आहेत आणि १९६५ चा 'साधी माणसं' कोणाचा हे सांगता येत नाही, त्यांनी आम्हा खेड्यातल्यांना अभिरुचीवर प्रवचन देऊ नये. आणि उलट्या बाजूनेही बोलतो. या यादीवाल्यांच्या यादीत दादा कोंडके कधीच नसतात. १९७१ च्या 'सोंगाड्या'ला ज्या महाराष्ट्राने गर्दी केली तो महाराष्ट्र अभिजात नव्हता का? यादी करणाऱ्याने आपली लाज कुठे झाकलीय ते यादीवरून बरोबर कळतं.

"मिळत नाहीत." ही सबब मात्र अर्धी खरी आहे, आणि इथून पुढे हा विषय माझ्या-तुमच्या आळसाचा राहत नाही, सार्वजनिक होतो.

यातले काही सिनेमे यूट्यूबवर सापडतात. पण कसे? चेहरे पुसट, आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि जिजाई रडत असताना मध्येच रमी खेळायची जाहिरात. काही तर कोणालाच कधीही बघता येणार नाहीत. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', १९२५ चा मूकपट. कर्जापायी जमीन जाऊन देशोधडीला लागलेला शेतकरी आणि त्या भूमिकेत तरुण शांताराम. शेतकऱ्याच्या कर्जावर दर अधिवेशनात गळा काढणाऱ्या या राज्यात तो सिनेमा आज नाही. हरवला. पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१, तोही गेला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटवरची जुनी रिळं तिथे होती. नायट्रेटची फिल्म पेटली की विझवणं मुश्कील. कितीतरी सिनेमे राख झाले, प्रभातच्या वारशातले सुद्धा. आणि ही जागा कोणती? प्रभातचाच जुना स्टुडिओ. ज्या आवारात ते सिनेमे जन्मले, त्याच आवारात जळाले. त्यासाठी महाराष्ट्र बंद झाल्याचं मला तरी आठवत नाही. ज्यांनी पाहिलेच नव्हते ते रडणार कशाला?

आता आपल्या गावाकडे या. माझ्या लहानपणी गणपतीत चौकात पडदा बांधायचे. पुढची जागा भरली की आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. तिकडून सगळं उलटं दिसायचं, उजवा हात डावा. 'पिंजरा' मी तसा उलट्या बाजूने पाहिलाय. कोणी तिकीट मागितलं नाही, कोणी अभिजात म्हटलं नाही. माझ्या कागदावरच्या पाचपैकी तीन सिनेमे मी असेच पाहिलेत, चौकात, पोत्यावर बसून. म्हणजे हे सिनेमे मी हुशारीने शोधले नव्हते, गावाने मला दाखवले होते. गावाने दाखवणं बंद केलं आणि मी बघणं बंद केलं, एवढा सरळ हिशोब आहे. गावातलं एकुलतं एक थिएटर कधीच मंगल कार्यालय झालं. चौकात आता पडद्याऐवजी डॉल्बी असतो.

आणि आपल्याकडे एक नाट्यगृह आहे. माझ्या आठवणीत दोनदा उद्घाटन झालेलं. पहिल्यांदा इमारतीचं, दुसऱ्यांदा खुर्च्यांचं. आत पडदा आहे, प्रोजेक्टर घेतल्याचं सभेत सांगितलं गेलंय, आणि गेली चार वर्षं दाराला कुलूप आहे. उघडतं ते फक्त सत्काराला. परवा भाषा दिनानिमित्त त्याच कुलपाच्या वर 'अभिजात मराठीचा जागर' असा पंधरा फुटी फ्लेक्स लागला होता. मी फोटो काढून ठेवलाय.

म्हणून आता, सिनेमा पाहून झाल्यावर, तो प्रश्न पहिल्यांदाच हक्काने विचारतो. त्या नाट्यगृहाचं काय झालं? प्रोजेक्टर कुठे आहे? कुलपाची किल्ली कोणाकडे आहे? आणि हे विचारताना हेही सांगतो की दुसऱ्या उद्घाटनाच्या पुरवणीच्या जाहिराती मीच आणल्या होत्या आणि पहिल्या रांगेत बसून पेढाही मीच खाल्ला होता. त्यामुळे हा प्रश्न विचारायला मी कोणी धुतल्या तांदळाचा नाही. पण मास्तरही नव्हता.

मागणी साधी आहे. महिन्यातून एक शनिवार, संध्याकाळी सहा वाजता, एक जुना मराठी सिनेमा. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची रीतसर परवानगी घेऊन, चांगल्या प्रतीवरून. सिनेमानंतर अर्धा तास बोलायचं. अध्यक्ष नको, हारतुरे नको, दीपप्रज्वलन तर अजिबात नको. पहिला 'सामना' दाखवा. लोकप्रतिनिधींनी पहिल्या रांगेत बसून बघावा, आम्ही पत्रकार दुसऱ्या रांगेत बसू. परवानगीच्या पत्रव्यवहाराचं काम मी करतो, फुकट. नगरपालिकेकडे लेखी अर्ज आज सकाळी दिलाय. पोच घेतलीय. आणि ती खिशात ठेवलेली बातमी काल संध्याकाळी ऑफिसला पाठवली. छापायची की नाही हे आता ते ठरवतील, माझ्या खिशात ती नाही.

त्या मुलीला निरोप पाठवलाय. "बरेचसे" हे उत्तर खोटं होतं. चौदापैकी पाच. आता आठ झालेत.

तुम्हीही खाली लिहा. ज्या सिनेमाचं नाव अभिमानाने घेता आणि जो कधीच पाहिला नाही, असा एक. लाजू नका, सुरुवात मी केलीय. पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडा, पण आधी एक सिनेमा बघून या.